कागद धरणारा हात

नंदनवन कॉलनी, छत्रपती संभाजीनगर
११ डिसेंबर २०२५

प्रिय शालू,

तुझं कार्यालयीन पत्र मिळालं. लग्नाला वीसहून जास्त वर्षं झाल्यावर बायकोनं नवऱ्याला 'मा. महोदय' लिहावं आणि खाली शिक्का मारावा, हा योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असतो. मी पत्रिका मानत नाही, तरी मला आला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा, त्यात तुझा आवाज येतो का ते बघायला. आला. गॅसवाल्याशी बोलतेस तो.

विषय कळला. वेरूळच्या अलीकडे, कचरूच्या शेतातल्या बारवेत जो शिलालेख आहे, त्याचा आपण घेतलेला ठसा तिसऱ्या ओळीत पुसट आहे; तिकडच्या कुणा तरुण विद्वानानं तुझ्या वाचनावर बोट ठेवलंय; तरी नवीन ठसा घेऊन पाठवावा. पाठवतो. त्या तरुणाला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, बाईंनी एकदा वाचलेलं अक्षर दगडसुद्धा बदलत नाही.

उशीर मात्र होईल, कारण डावा खांदा. पावसाळ्यापासून दुखतोय. दुखणं खांद्याच्या मागून निघतं, काखेतून उतरतं आणि थेट करंगळीपर्यंत जाऊन तिथं मुंग्या सोडतं. फिजिओथेरपीवाला म्हणतो, खांदा आखडलाय. तो मला भिंतीवर बोटं चालवत वर चढवायला लावतो. बैठकीच्या भिंतीवर तेलकट बोटांची एक शिडी उमटलीय. पाहुणे विचारतात, मी त्यांना लिपी आहे म्हणून सांगतो.

कारण मला ठाऊक आहे. ठसा घेणं हे दोघांचं काम. एकानं ओला कागद वरून दगडाला दाबून धरायचा, दुसऱ्यानं ब्रशनं ठोकून तो अक्षरांत बसवायचा. तू धरत होतीस, मी ठोकत होतो. तू म्हैसूरच्या शिलालेखांच्या कार्यालयात गेल्यापासून दोन्ही मीच करतो. उजव्या हातात ब्रश, डावा डोक्याच्या वर कागदावर. तेव्हा हा खांदा तुझ्या जागेवर काम करून दुखतोय. तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद असावी म्हणून.

कागद धरायला विद्यार्थी मिळतात. मी नेत नाही.

तुझा,
मा. महोदय

४ जानेवारी २०२६

प्रिय शालू,

ठसा सोबत आहे. तिसरी ओळ स्वच्छ आलीय. थंडीमुळे कागद वाळायला वेळ लागला, तोवर कचरूनं हुरडा भाजला. त्याच्या मेंढ्या बारवेच्या काठावर उभ्या राहून मला बघत होत्या. आमच्या पदव्युत्तर वर्गापेक्षा त्यांचं लक्ष चांगलं.

कचरूनं पहिलाच प्रश्न टाकला, "म्याडम नाय आल्या व्हय?"

म्हणालो, म्हैसूरला नोकरी आहे त्यांची, तीन वर्षं झाली.

"लई लांब गेल्या. कव्हा येतेत मंग?"

"बघू."

"बघू म्हंजी नाय येत," असं म्हणून त्यानं कणसं उलटली.

जगाला आपण बदलीचं कारण दिलं. जग समजूतदार, त्यानं ते घेतलं. पहिल्या वर्षी तू सुट्यांना आलीस, दुसऱ्या वर्षी सुट्या कमी झाल्या, आणि आता फोनवर आपण गीझर आणि घरपट्टी या दोन विषयांवर बोलतो. भांडण झालं असतं तर निदान ते मिटवता आलं असतं. आपल्या घरात बोलणंच संपत आलं होतं आणि तुझी बदली अगदी वेळेवर आली. म्हणून हे पत्र. फोनवर तू "हं" म्हणतेस, आणि त्या "हं"चा अर्थ कुठल्याही कोशात नाही.

शिलालेखाचा फोटोही ठेवलाय. मोजायची पट्टी घरी विसरलो, तेव्हा नेहमीसारखा मापाला मीच दगडाशेजारी उभा राहिलो. माझी उंची तुला पाठ आहे, त्यावरून दगडाची काढ. फोटो कचरूनं काढला, म्हणून दगडापेक्षा मी जास्त आलोय.

खांदा तसाच. आता डाव्या कुशीवर झोपता येत नाही. पलंगाची डावी बाजू तशीही मोकळीच आहे.

तुझा,
संघपाल

१९ जानेवारी २०२६

प्रिय शालू,

पोच मिळाली. टंकलेली दोन वाक्यं, शिक्का, जावक क्रमांक. आणि त्याखाली शाईनं, तुझ्या हातची एक ओळ: "फोटोत तुमची डावी पापणी उतरलेली दिसते. आधीच्या फोटोत नव्हती. दाखवून घ्या."

मी आरशापुढं बराच वेळ उभा राहिलो. रोज दाढी करतो तोच चेहरा, मला काही दिसलं नव्हतं. झिजलेल्या दगडावर अर्धी वेलांटी ओळखणारी बाई तू, तुला दिसणारच. मग निरखून पाहिलं तर खरंच डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक. एखादी गोष्ट पटलेली नसावी तसा.

पण माझं मन पापणीवर नाही. 'आधीच्या फोटोत नव्हती' यावर आहे. म्हणजे आधीचा एक फोटो तुझ्याजवळ आहे. म्हणजे तू तो काढलास आणि नव्याच्या शेजारी ठेवलास. हे कार्यालयाच्या वेळेत केलंस की घरी, एवढंच कळवावं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. वयाचं आहे म्हणाल्या. चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय. आणखी एकदोन तपासण्या लिहून दिल्यात. डॉक्टर मंडळी लिहितात, हात चालता राहावा म्हणून.

ठशाचं काय झालं? तो तरुण शरण आला का?

तुझा,
संघपाल

३१ जानेवारी २०२६

प्रिय शालू,

तुझे फोन आले. मी उचलले नाहीत. फोनवर मी विनोद केला असता आणि तू "हं" म्हणाली असतीस. तुझं पत्रही आलं. या खेपेला शिक्का नाही, महोदय नाही, नुसतं "वयानं एकच पापणी उतरते का?" शालू, तू न्यायशास्त्र शिकली नाहीस हे शास्त्राचं नशीब. त्याचे सगळे पंडित तू घरी बसवले असतेस.

नाही उतरत. मी खोटं लिहिलं. वयाचं काही त्या म्हणाल्या नव्हत्या.

झालं असं. बाईंनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं, मग विचारलं, चेहऱ्याच्या डाव्या बाजूला घाम कमी येतो का? मी म्हणालो, जानेवारीत आम्ही दोन्ही बाजूंनी कोरडे असतो. त्या हसल्या नाहीत. विचारलं, "खांदा किंवा हात दुखतो का? कधीपासून?"

म्हणालो, "मॅडम, मी डोळा दाखवायला आलोय."

"मी डोळाच बघतेय," त्या म्हणाल्या, आणि छातीचा एक्स-रे लिहून दिला.

डोळ्यासाठी छातीचा फोटो. अंधगज न्याय म्हणतात, आंधळ्यांनी चाचपलेला हत्ती, तो हाच, असं मनात म्हणत गेलो; फक्त आंधळा कोण याबद्दल माझा अंदाज चुकला. फोटोत डाव्या फुप्फुसाच्या अगदी टोकाला, गळ्याखालच्या हासळीच्या हाडामागं, एक पांढुरका डाग आहे. बाईंनी मला बसवून समजावलं. तिथून हाताकडं जाणाऱ्या नसा निघतात. पापणी उचलून धरणारी एक नसही तिथूनच जाते. त्या जागी गाठ वाढली की ती या नसांवर बसते. मग खांदा दुखतो, करंगळीला मुंग्या येतात, पापणी उतरते. गाठ कसली हे तुकडा तपासल्याशिवाय सांगता येत नाही, पण वेळ घालवू नका. 'कॅन्सर' हा शब्द त्यांनी एकदाच, हळू आवाजात वापरला.

सिगारेट ओढता का, असंही विचारलं. सांगितलं की सोडली, तुम्ही शाळेत असाल तेव्हा. आता वाटतं, मी तिला सोडलं होतं, तिनं मला सोडलं नव्हतं. डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी आहे असं ओळखावं, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवतो. या खेपेला डोंगरही मीच आणि धूरही घरचा, तरी ओळखलं नाही.

कारण मला त्या दुखण्याचं दुसरं कारण आवडलं होतं.

हे आता लिहूनच टाकतो. लाकडात कीड फिरते आणि फिरता फिरता चुकून एखादं अक्षर कोरलं जातं. किडीच्या मनात अक्षर नसतं. वाचणाऱ्याच्या मनात असतं. त्याला घुणाक्षर न्याय म्हणतात, तुला माहीत आहे. मी पावसाळ्यापासून तेच करत होतो. कीड फिरत होती आणि मी तुझं नाव वाचत होतो. खांदा दुखला की वाटायचं, ही शालूच्या कामाची कळ. हात वर धरून धरून तिलाही अशीच येत असेल आणि ती कधी बोलली नसेल. मी तेल लावायचो, शेकायचो, भिंतीवर बोटं चालवायचो, पण हे दुखणं पुरतं जावं असं मला वाटत नव्हतं. गेल्या तीन वर्षांत आपण एवढ्या एकाच गोष्टीत सोबत होतो.

एक्स-रे हातात घेऊन रिक्षात बसलो तेव्हा पहिलं वाईट वाटलं ते आजाराचं नव्हे. दुखणं तुझं नव्हतं याचं.

आता तू येऊ नकोस. हे रागानं लिहीत नाही. कारण पुढच्या पत्रात.

तुझा,
संघपाल

१४ फेब्रुवारी २०२६

प्रिय शालू,

सीटी स्कॅन झाला. परवा बायॉप्सीही झाली. बायॉप्सी म्हणजे आपला स्थालीपुलाक न्याय, शितावरून भाताची परीक्षा. फरक एवढाच की इथं शीत काढायला बरगडीमागून सुई घालतात आणि भाताला जागं ठेवतात.

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीनं व्यवसाय विचारला. संस्कृत शिकवतो म्हणालो. म्हणाली, म्हणजे पूजाबिजा सांगता का? म्हटलं, नाही, आम्ही बौद्ध. तिनं माझ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं आणि 'शिक्षक' एवढंच लिहिलं. मग म्हणाली, सोबत कोण? मुलं? नाहीत. मिसेस? मी 'बाहेरगावी' म्हणालो. बाहेरगाव हा फार सोयीचा शब्द आहे. त्यात बाजार करायला गेलेल्या बायकाही बसतात आणि तूही बसतेस.

सोबत भामाआत्या होती. मी बोलावलं नव्हतं. तिच्या भीमनगरात बातमी माझ्याआधी पोचली आणि आत्या डबा घेऊन दारात. दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या तिनं शेजारच्या चार रुग्णांचे आजार, गावं आणि जावई माहीत करून घेतले. मग माझ्याकडं वळली.

"शालूला सांगितलं का?"

सांगितलंय म्हणालो, पण येऊ नकोस असं कळवलंय.

"का रं?"

म्हटलं, तिचं तिथं काम आहे.

"मलाबी लई काम हाय. आले ना?" तिनं बांगड्या मागं सारल्या. आत्यानं बांगड्या मागं सारल्या की आपण आवरून घ्यावं. "अरं, बायकू हाय ती तुझी. तिला नाय बोलवायचं तं कुणाला, पेपरात देतो का?"

तिला जे सांगता आलं नाही ते तुला सांगतो. तुझं काल पत्र आलं, रजेचा अर्ज दिलाय म्हणून. शालू, तू परत यावीस असं मला तीन वर्षं वाटतंय. संध्याकाळी कॉलनीच्या फाटकाशी रिक्षा थांबली की मी पुस्तकातून वर बघतो. ही सवय मी स्वतःपासूनही लपवली होती. पण मला वाटायचं, तू येशील ती इथलं काहीतरी आठवून येशील. औरंगपुऱ्यातली भाजी असेल, लेण्यांवरचा संध्याकाळचा उजेड असेल, अगदीच काही नाही तर मी. डाग दिसला म्हणून नव्हे. आता तू आलीस तर कोण आली ते मला कळणार कसं? बायको आली की भली बाई आली? भली तर तू आहेसच. गल्लीतल्या कुत्र्यालाही तू टाके घालून आणले होतेस. मला त्या कुत्र्याच्या रांगेत बसायचं नाही.

हे सगळं, जरा सभ्य शब्दांत, आत्याला सांगून पाहिलं. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "कारण काय बघतो रं, माणूस आलं का ते बघ. तहान लागल्यावर पाणी कोणत्या हिरीचं हे इचारतो का?"

मी म्हणालो, विचारतो. आपल्या घरानं तर विचारावंच. हिरीवरून आपण एवढं सोसलंय.

त्यावर ती मोठ्यानं हसली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. हसून झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले, आणि ते हसण्याचं पाणी नव्हतं.

रिपोर्ट आठवड्याभरानं. तोवर अर्ज मागं घे. जमल्यास.

तुझा,
संघपाल

२५ फेब्रुवारी २०२६

प्रिय शालू,

तू आत्ता सामान बांधत असशील. हे पत्र मी दुपारी टपालात टाकीन. ते म्हैसूरला पोचेल तेव्हा तू इथं आलेली असशील. वाटेत कुठंतरी, सोलापूर-दौंडच्या आसपास, तू आणि हे पत्र एकमेकांच्या शेजारून जाल. एकमेकांना ओळखणार नाही.

तरी लिहितोय, कारण जे लिहायचंय ते तू समोर असताना माझ्याच्यानं बोलवणार नाही. समोर मी विनोद करीन.

रिपोर्टचं तुला फोनवर सांगितलं. कॅन्सरच आहे. डॉक्टर म्हणाले, दुसरीकडं पसरलेला दिसत नाही. आधी केमो आणि रेडिएशन बरोबरच, गाठ आकसली तर मग ऑपरेशन. खात्री कुणी देत नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, सर, आपण पायरी पायरीनं जाऊ. संस्कृतच्या माणसाला धीर देणं सोपं असतं. कुणी 'क्रमाक्रमानं' म्हटलं की त्याला बरं वाटतं.

मी तुला रिपोर्ट वाचून दाखवला. तू "हं" म्हणाली नाहीस. मग तू म्हणालीस, "मी येतेय. विचारत नाहीये, सांगतेय."

मी म्हणालो, मागच्या पत्रात मी कारण लिहिलं होतं.

"वाचलं. कुत्र्याला टाके घालून मी परत सोडून दिलं होतं. तुमच्याजवळ राहणार आहे." मग म्हणालीस, "किती दिवस ते विचारू नका. मला माहीत नाही."

मी विचारलं नाही. तू मनमाडची गाडी सांगितलीस, डबा सांगितलास, आणि फोन ठेवलास. मी तसाच उभा. भामाआत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "आली का?" जशी तू दारातच असावीस. मी म्हणालो, निघतेय. "मंग डाळ वाढवते," म्हणाली. ती डाळ परवापर्यंत टिकणार नाही हे मी तिला सांगितलं नाही.

आता जे समोर बोलवणार नाही ते.

मला भीती वाटते. अगदी साधी, कुठलाही न्याय लागू न पडणारी. आंघोळ करताना वाटते, विद्यार्थ्यांच्या हजेऱ्या घेताना वाटते. परवा 'उपस्थित' असं एका मुलीनं उत्तर दिलं आणि मला पुढचं नाव वाचता येईना. मुलांना वाटलं, चष्मा. मरण्याचं म्हणशील तर त्याबद्दल मी पुष्कळ वाचलंय, शिकवलंय, परीक्षेत त्यावर मार्कही दिलेत. भीती त्याची कमी आहे. तू येशील, माझे केस गळताना बघशील, उलट्या काढशील, सगळं नीट करशील, आणि मी बरा झालो की बॅग भरशील, याची जास्त आहे. म्हणजे माझी पंचाईत बघ. बरं व्हावं असंही वाटतं आणि फार लवकर होऊ नये असंही. असला रोगी कुठल्याच डॉक्टरानं पाहिला नसेल.

मागच्या पत्रात मी विचारलं होतं, कोण आली ते मला कळणार कसं. ते मागं घेतो. आत्याचं बरोबर होतं. तू भली बाई म्हणून ये, महोदया म्हणून ये, शिक्का घेऊन ये. मला तहान लागलीय.

परवा मनमाडला मी स्वतः येणार आहे. आत्या नको म्हणते, धक्काबुक्की असते म्हणते. मी ऐकणार नाही. पहिलं वाक्य काय बोलावं याचा कालपासून विचार करतोय. तीन तयार केली, तिन्ही चांगली आहेत आणि तिन्ही निरुपयोगी. बहुतेक मी बॅग कुठली उचलू एवढंच विचारीन, आणि तू म्हणशील, कुठलीच नाही, खांदा दुखतोय ना तुमचा.

पत्र तुझ्या तिथल्या पत्त्यावर टाकतोय. घराला कुलूप असेल. पोस्टमन दाराखालून आत सरकवील आणि ते तिथं अंधारात, तुझ्या विजेच्या बिलांच्या शेजारी पडून राहील. तू परत गेलीस, तर दार उघडताच पायाशी हेच येईल. मग वाच, आणि मी किती घाबरलो होतो ते तेव्हा कळू दे.

पण शालू, हे पत्र तुला कधीच मिळू नये.

तुझा,
संघपाल